कोड वाचला म्हणजे बिघाड सापडला असं नाही

गाडीवाल्यांच्या व्हॉट्सॲप ग्रुपांवर एक यादी फिरते आहे. चेक इंजिनचा दिवा लागला की स्वस्तातला ब्लूटूथ स्कॅनर लावून बिघाडाचा कोड वाचा. पी०१७१ आला तर ऑक्सिजन सेन्सर बदला, पी०४२० आला तर कॅटॅलिटिक कन्व्हर्टर (एक्झॉस्टमधला धूर शुद्ध करणारा भाग), पी०३०१ आला तर प्लग. खर्च नको असेल तर बॅटरीची निगेटिव्ह वायर दहा मिनिटं काढून ठेवा. स्कॅनर जरूर घ्या. बाकी यादीवर विसंबू नका. कोड सांगतो तो फक्त ईसीयूची, म्हणजे इंजिन सांभाळणाऱ्या कॉम्प्युटरची, कुठली तपासणी नापास झाली ते.

पी०१७१ म्हणजे बँक १ चं (एक नंबरचा सिलिंडर असलेल्या बाजूचं) मिश्रण पातळ: हवा जास्त, पेट्रोल कमी. हे सेन्सरनेच कळवलेलं असतं, म्हणजे बहुतेकदा तो धडधाकट असतो. स्कॅनरच्या लाइव्ह डेटामध्ये शॉर्ट टर्म आणि लाँग टर्म फ्युएल ट्रिमची (ईसीयू पेट्रोल किती टक्के वाढवतो-घटवतो त्या आकड्यांची) बेरीज पाहा. उणे-अधिक १० टक्क्यांच्या आत असेल तर चिंता नको. आयडलला +२५ आणि २५०० आरपीएमवर +५ असेल तर न मोजलेली हवा आत शिरते आहे. भोक तेवढंच राहतं, पण रेस वाढली की एकूण हवेत त्याचा वाटा नगण्य होतो. पीसीव्हीचा (इंजिनातल्या वाफा इनटेकमध्ये परत नेणाऱ्या व्हॉल्व्हचा) तडकलेला पाइप, ब्रेक बूस्टरचा पाइप, इनटेकचं गॅस्केट, या क्रमाने बघा. उलट आयडलला ठीक आणि लोडवर आकडा चढत असेल तर पेट्रोल पंपाचं प्रेशर, फिल्टर किंवा मळलेला एमएएफ (आत येणारी हवा मोजणारा सेन्सर). एमएएफ त्याच्याच स्प्रेने धुवा, कार्ब क्लीनरने नाही, आणि आतल्या तारेला बोट लावू नका.

हा हिशेब एमएएफवाल्या गाड्यांचा. आपल्याकडच्या बऱ्याच छोट्या पेट्रोल गाड्या एमएपी सेन्सरवर (इनटेकमधला दाब मोजणाऱ्या) चालतात. त्यांत असल्या गळतीने ट्रिम फारसा हलत नाही, आयडल मात्र चढलेलं दिसतं. त्यामुळे गाडीत कुठला सेन्सर आहे हे आधी पाहून घ्या.

पी०४२० (कन्व्हर्टर पुरेसं काम करत नाही असा कोड) वर थेट कन्व्हर्टर मागवणं ही यादीतली सगळ्यात महाग चूक. इंजिन गरम करून २५०० वर धरा आणि मागच्या, म्हणजे कन्व्हर्टरनंतरच्या, ऑक्सिजन सेन्सरचा व्होल्टेज पाहा. ०.६ ते ०.७ च्या आसपास स्थिर असेल तर कन्व्हर्टर काम करतोय; एक्झॉस्टचे जोड आणि मागच्या सेन्सरची वायर तपासा. ०.१ ते ०.९ असा सतत झुलत असेल आणि एक्झॉस्टला गळती नसेल, तर कन्व्हर्टर गेला. पण तो का गेला? मिसफायर किंवा ऑइल जळणं तसंच राहिलं तर नवाही त्याच वाटेने जाईल.

पी०३०१ (एक नंबरच्या सिलिंडरमध्ये मिसफायर, म्हणजे मिश्रण नीट न पेटणं) चं कारण शोधायला एक रुपयाही लागत नाही. प्रत्येक प्लगवर वेगळी कॉइल (ठिणगीसाठी वीज देणारी) असेल तर इंजिन बंद करून एक आणि दोन नंबरच्या कॉइल अदलाबदल करा, कोड पुसून गाडी फिरवा. पी०३०२ झाला तर कॉइल खराब. तिथेच राहिला तर हाच खेळ प्लगचा, मग इंजेक्टर, शेवटी कॉम्प्रेशन. दिवा लुकलुकत असेल तर मात्र गाडी दामटू नका, न जळलेलं पेट्रोल कन्व्हर्टरमध्ये पेटतं.

बॅटरी काढली की दिवा बहुधा जातो, हे खरं. पण त्याबरोबर फ्रीझ फ्रेमही जाते: कोड पडला त्या क्षणीचं आरपीएम, वेग, लोड, कूलंटचं तापमान. बिघाड चढावर होतो की सकाळी थंड इंजिनला, हे त्यातूनच कळतं. शिकलेले ट्रिम पुसले जातात, काही गाड्यांत आयडल डगमगतं. बिघाड तसाच असेल तर दिवा परत येतोच. बऱ्याच कोडना लागोपाठ दोन फेऱ्यांत तीच चूक दिसावी लागते, म्हणून दोन दिवस सगळं ठीक वाटतं. काही पुसण्याआधी फ्रीझ फ्रेमचा फोटो काढा.

यादीत नसलेला पी०११३ घ्या, म्हणजे आत येणाऱ्या हवेच्या तापमानाच्या सेन्सरचा कोड. ते तापमान स्कॅनरवर उणे ४० दिसतं. दोन पिनांच्या सेन्सरचा कनेक्टर काढून वायरिंगच्या बाजूच्या दोन्ही पिना तारेच्या तुकड्याने जोडा. आकडा शंभराच्या वर उडाला तर वायरिंग ठीक, सेन्सर बदला. उणे ४० वरच राहिला तर नवा सेन्सर लावूनही तेच दिसेल. वायर धरून मागे जात राहा, उंदराने कुरतडलेली जागा सापडण्याची शक्यता बरीच.