‘बिल्ला विकला काय?’ – एका प्रतिक्रियेला उत्तर

भाऊ, नमस्कार.

तुमची प्रतिक्रिया परवा रात्री वाचली. उत्तराला उशीर झाला, कारण वेचणीला बाया मिळाल्या होत्या आणि त्या मिळाल्या की वावर सोडून बसता येत नाही. तुमचं म्हणणं थोडक्यात असं: सरकारनं कापसाच्या बाजारातून चालतं व्हावं असं मी आधी लिहायचो, आता सीसीआयची, म्हणजे केंद्राच्या कापूस महामंडळाची, खरेदी केंद्रं वाढवा म्हणतो. आधी वेगळ्या विदर्भाच्या मोर्चात पुढं होतो, आता त्यावर तोंड उघडत नाही. म्हणजे वारा येईल तशी पाठ. आणि शेवटी, शेतकरी संघटनेच्या माझ्या बिल्ल्याबद्दल, "तो लाल बिल्ला विकला काय?"

पाठ फिरवली हे मला मान्य आहे. पण जिथं फिरवली ती जागा तुमच्या यादीत नाही. तिकडे येतोच.

१९८६ साली मी एकोणीस वर्षांचा होतो. यवतमाळच्या राळेगाव तालुक्यात आमचं नऊ एकर कोरडवाहू. १९७२ पासून एकाधिकार खरेदी चालू होती, कापूस सरकारलाच द्यायचा. संकलन केंद्रासमोर बंड्यांची रांग लागायची. बाबांसोबत मी तीन रात्री बंडीखाली झोपलो. चौथ्या दिवशी ग्रेडर आला, मूठभर कापूस उचलला, दोन बोटांनी ओढून पाहिला, एक प्रत खाली लिहिली आणि पुढच्या बंडीकडे गेला. अर्धं मिनिटही लागलं नसेल. बाबा, जे घरात आम्हाला बोलू देत नसत, ते त्याच्यासमोर टोपी सारखी करत उभे होते. चुकारा, म्हणजे कापसाचे पैसे, उन्हाळ्यात मिळाला. आंध्रात भाव जास्त असला तरी तिकडे नेता येत नव्हता, नेला की तस्करी. आपल्याच वावरातल्या कापसाची तस्करी! त्या हिवाळ्यात, १० डिसेंबरला, मराठवाड्यातल्या सुरेगावच्या कापूस आंदोलनात पोलिसांच्या गोळीबारात तीन शेतकरी गेले. मी बिल्ला लावला तो त्यानंतर. संघटनेचे नेते शरद जोशी यांचं खुल्या बाजाराचं अर्थशास्त्र मला पुढं दहा वर्षांनी कळलं असेल. तेव्हा डोळ्यांसमोर होती ती बाबांची टोपी.

पुढं एकाधिकार गेला, व्यापारी दारात आला. रोख पैसे, रांग नाही. पहिली दोन वर्षं मी खुशीत होतो, लोकांना मोठ्यानं सांगत सुटलो की बघा, आम्ही म्हणत होतो ना! मग एकदा त्याच कापसाचं वजन शेजारच्या पिठाच्या गिरणीतल्या काट्यावर करून पाहिलं. गावात येऊन कापूस घेणाऱ्या त्या खेडा खरेदीवाल्या गड्यानं क्विंटलमागं किती खाल्लं ते इथं लिहीत नाही, गाव लहान आहे.

तरीही मी खुल्या बाजाराच्याच बाजूनं राहिलो. मला ढकललं ते दुसऱ्याच गोष्टीनं. २०१२ च्या फेब्रुवारीत घरात वीसेक क्विंटल कापूस होता. भाव चढेल म्हणून थांबलो होतो, बाजार खुला असेल तर असंच करायचं असतं ना? ५ मार्चला केंद्रानं निर्यात बंद केली. ती बंदी नंतर उठली, पण व्यापाऱ्याला जे ऐकायचं होतं ते त्यानं ऐकलं होतं. आणि २०२५ च्या ऑगस्टमध्ये, आमच्या पऱ्हाटीला बोंडं धरत असताना, आयातीवरचं ११ टक्के शुल्क काढलं. आधी सप्टेंबरअखेरपर्यंत, मग वाढवून डिसेंबरअखेरपर्यंत, म्हणजे आमचा कापूस बाजारात येतो नेमक्या त्या महिन्यांत. भाव वर जाताना बाहेरचं दार लावायचं आणि वेचणीच्या तोंडावर आतलं उघडायचं, याला खुला बाजार म्हणून मी त्याच्या बाजूनं भांडू? दोन्ही दारं बारा महिने उघडी ठेवणारं सरकार दाखवा, सीसीआयच्या केंद्राला कुलूप लावायला मी तुमच्यासोबत येतो. तोवर हमीभाव आहे, २०२५-२६ ला लांब धाग्याला क्विंटलमागं ८,११० होता, आणि मला तो हवा आहे.

सीसीआयवर माझं प्रेम बसलं असं समजू नका. आता मोबाईलवर ॲपात नोंदणी करा, स्लॉट घ्या, बारा टक्क्यांच्या वर ओलावा निघाला तर भरलेली गाडी परत आणा, भाडं आपलं. बोटांच्या जागी यंत्र आलं, एवढंच. पण यंत्रापुढं टोपी सारखी करावी लागत नाही, हेही खरं.

विदर्भाचं लवकर सांगतो. २००८ च्या कर्जमाफीत पूर्ण माफीला दोन हेक्टरची अट होती. आमचं नऊ एकर कोरडं म्हणून आम्ही ‘मोठे’ शेतकरी. पंचाहत्तर टक्के आधी भरा, मग पंचवीस टक्के सूट. तिकडे चार एकर बागायती ऊसवाला पूर्ण मोकळा. त्या रागात मी मोर्चात गेलो. राग अजून आहे, विदर्भाला न्याय्य वाटा देऊ म्हणणाऱ्या १९५३ च्या नागपूर कराराचं काय झालं हेही माहीत आहे. पण वेगळं राज्य झाल्यावर नागपूरवाला आमच्याशी वेगळा वागेल, ही आशा मात्र आता धरवत नाही. म्हणून गप्प. याला पळपुटेपणा म्हणा, चालेल.

आता तुम्ही न विचारलेलं. ऑगस्ट १९९० मध्ये मंडलची, म्हणजे ओबीसींना केंद्राच्या नोकऱ्यांत आरक्षणाची, घोषणा झाली. आम्ही काही पोरं कॉलेजच्या फाटकाशी त्याविरुद्ध घोषणा देत होतो. त्यात कुणबी होते, तेली होते, मी होतो. आपलीच जात यादीत आहे हे निम्म्यांना ठाऊक नव्हतं आणि मला ठाऊक असूनही मी ओरडत होतो, कारण शेजारी उभे असलेले ओरडत होते. माझ्याच बाकावर बसणारा बौद्ध मित्र फाटकातून आत गेला, आमच्याकडे न बघता. नंतर कितीतरी महिने तो माझ्याशी कामापुरतं बोलला.

मग मुलीच्या प्रवेशाची वेळ आली. जातीचा दाखला, पडताळणी, सगळ्या खिडक्या मी केल्या. तिला जागा मिळाली आणि आरक्षणाबद्दलचं माझं मत बदललं. कोणतं पुस्तक वाचून नाही, कोणता अन्याय पाहून नाही. त्या मित्रानं पेढा घेतला आणि विचारलं, "काय गा, आता पटलं काय?" मी हसलो. तो हसला नाही.

कापसावरच्या माझ्या पलटीबद्दल मी पानंच्या पानं लिहिली, तुम्ही ती वाचली, म्हणून तर पकडलंत. यावर मात्र इतक्या वर्षांत एक ओळ लिहिली नव्हती. ही पहिली.

बिल्ला विकलेला नाही. बायकोच्या शिलाई मशीनच्या खणात आहे. मागची पिन मोडली आहे, रंग कडेनं उडाला आहे. खणात हात घातला की बोटाला टोचतो म्हणून ती दरवेळी मला बोल लावते, पण बाहेर काही काढत नाही.