माशाला ऊन लागली

संत्री आडवी पडली तेव्हा दुपारचे साडेबारा वाजले होते, नवतपाचा, म्हणजे मे अखेरच्या सगळ्यात तापलेल्या नऊ दिवसांतला तिसरा दिवस होता आणि बाहेर पारा ४५ वर होता. या वेळी नागपुरात जो उभा दिसतो त्याचीच काळजी करायची असते. त्यामुळे मुलगी येऊन "पप्पा, संत्री झोपली" म्हणाली, तेव्हा कूलरसमोर पसरलेल्या मी "झोपू दे न मग" एवढंच म्हटलं.

"डोळे उघडे ठेवून झोपली."

"माशाला पापण्याच नसतात. तो तसाच झोपतो." पडल्या पडल्या ज्ञान द्यायला मला आवडतं.

"अन् कल्ले पाहा न कसे हलून राहिले."

उठलो. टाकीच्या तळाला, पांढऱ्या गोट्यांवर, संत्री एका कुशीवर पडली होती. वरच्या बाजूचा कल्ला धाप लागल्यासारखा उघडझाप करत होता. नेहमी झुलणारी शेपटी ओल्या रुमालासारखी गोट्यांना चिकटलेली. आणि मोसंबी, म्हणजे दुसरी, जरा फिकी गोल्डफिश, पाण्याच्या अगदी कडेला तोंड वर काढून हवा गिळत होती. मी तिच्याकडे पाहिलं, तिनं माझ्याकडे पाहिलं. गुन्हेगार कोण ते आम्हा दोघांनाही माहीत होतं.

झालं होतं असं, की संध्याकाळी सासरकडची मंडळी येणार होती आणि टाकीचं पाणी जरा पिवळट दिसत होतं. वर्षभर ज्या टाकीकडे मी ढुंकूनही पाहिलं नाही, तिच्यावर त्या सकाळी माझा पुरुषार्थ उसळला. सगळं पाणी उपसलं. गोटे घासले. फिल्टरचा काळाकुट्ट, बुळबुळीत स्पंज नळाखाली पांढराशुभ्र होईस्तोवर पिळला. मग अकराच्या सुमारास गच्चीवरच्या काळ्या टाकीचं पाणी सोडलं. नागपूरकरांना पुढचं सांगायला नको. मे महिन्यात आमच्याकडे गीझर बंद असतो आणि नळालाच चटका बसतो. आंघोळीचं पाणी आदल्या रात्री बादलीत भरून ठेवावं लागतं. बोट घातलं तर भाजलं, म्हणून फ्रीजमधले दोन ट्रे बर्फ टाकला, वरवर हात फिरवून "झालं कोमट" असा निर्वाळा दिला आणि दोघींना जाळीतून आत सोडलं. टाकी इतकी झकास चमकत होती की मी तिचा फोटोही काढला.

माझा आरडाओरडा ऐकून समोरच्या काकू आल्या. टाकीत क्षणभर पाहिलं आणि निदान केलं, "ऊन लागली तिले."

"काकू, ती पाण्यात आहे."

"पानीच तापून राहिलं त ते बिचारी काय करन? कैरीचं पन्हं पाजा दोन चमचे."

मुलगी पन्ह्याचा ग्लास घेऊन आलीसुद्धा. तो हातातून काढून घेतला. तोवर बायकोनं पुण्याच्या भावाला फोन लावला होता. त्याच्याकडे तीन टाक्या आहेत, म्हणजे तो अधिकारी. त्यानं लक्षणं ऐकली, "अंगावर मिठाच्या कणांसारखे पांढरे ठिपके आहेत का?" असं विचारलं आणि उत्तराची वाट न पाहता सांगितलं, "हीटर लावा. पाणी ३० अंशांवर न्या. ठिपक्यांचा परजीवी जास्त उष्णतेत टिकत नाही." ठिपके नव्हतेच. पण टाकीत थर्मामीटर बुडवला तो ३५ दाखवत होता. पाणी ३० वर न्यायला हीटर लावावा की आणखी बर्फ, हे मी त्याला विचारलं नाही. पुण्याच्या माणसाला नागपूरचा उन्हाळा फोनवर कळत नाही.

शेवटी तोंडाला दुपट्टा गुंडाळला, खिशात कांदा टाकला (बाबांनी टाकायला लावला, माझा विश्वास नाही, पण काढलाही नाही) आणि बर्डीवर, म्हणजे सीताबर्डीच्या बाजारात, शोभेच्या मासेवाल्याकडे गेलो. दुकानात दुसरं कोणी नव्हतं. त्यानं माझा जबाब घेतला.

"पूरं पानी काढलं?"

"हो."

"गोटे धुतले?"

"घासले."

"स्पंज?"

"नळाखाली. एकदम स्वच्छ."

"साबन लावली?"

"नाही!" हे मात्र मी अभिमानानं सांगितलं.

"चला. तेवढा त उपकार केला माशावर."

मग त्यानं मला माझे अपराध समजावून सांगितले. नळाच्या पाण्यात क्लोरीन असतं. ते आपल्यासाठी हवंच. घरच्या नळापर्यंत पोचलेल्या पाण्यात लिटरमागे निदान ०.२ मिलिग्रॅम तरी उरलेलं असावं, असं पिण्याच्या पाण्याचं मानक सांगतं. आपल्याला तेवढ्यानं काही होत नाही, पण मासा तेच पाणी कल्ल्यांतून श्वासासाठी घेतो, म्हणजे त्याचं फुप्फुसच पोळतं. दुसरं, गार पाण्यात लिटरमागे नऊएक मिलिग्रॅम प्राणवायू मावतो तो २० अंशांना. ३५ ला तो सातवर येतो, आणि उष्णतेनं माशाची गरज मात्र वाढते. गोल्डफिश तर मुळातच थंड पाण्याची. वर माझा बर्फ. उकळतं, जळजळीत आणि गारठलेलं, असं तिन्ही एका दुपारी.

पण त्याचा खरा संताप स्पंजवर होता. "ते काळं काय होतं माहीत आहे का भाऊ? तो कारखाना होता." मासा कल्ल्यांतून अमोनिया सोडतो, ते विष असतं. त्या बुळबुळीत थरातले जिवाणू अमोनियाचं नायट्राइट आणि नायट्राइटचं बरंचसं निरुपद्रवी नायट्रेट करतात. हा कारखाना उभा राहायला महिना, दीड महिना लागतो. मी तो पाच मिनिटांत मोरीत सोडला होता. "पानी बदलवाचं त तीन हिस्से जुनं राहू द्याचं, एक हिस्सा नवं."

क्लोरीन मारणाऱ्या थेंबांची बाटली त्यानं दिली. आत सोडियम थायोसल्फेट, म्हणजे जुन्या फोटो स्टुडिओतला हायपोच. मग स्वतःच्या टाकीतला एक घाणेरडा स्पंज प्लॅस्टिकच्या पिशवीत पिळला. आत काळं पाणी साचलं. "हे घ्या. विरजण."

"किती झाले?"

"विरजनाचे पन्नास."

सकाळी जी घाण मी फुकट ओतून दिली होती, तीच पन्नास रुपये मोजून, उन्हानं तापू नये म्हणून दुपट्ट्याच्या सावलीत धरून, भर दोन वाजता घरी आणली. सिग्नलला शेजारच्या स्कूटरवाल्यानं पिशवीकडे पाहिलं. मी नजर टाळली.

थेंब टाकले, विरजण ओतलं, हवेचा पंप पूर्ण सोडला. पाणी ३५ चं ३५. तेव्हा मासेवाल्याचा शेवटचा सल्ला आठवला: टाकीचं झाकण काढून पाण्यावरून वारा खेळवा, पाणी उडतं तशी टाकी थंड होते. आमच्या घरात वारा एकच. कूलर. तो ओढून टाकीसमोर लावला. घरात पाच माणसं आणि चाळीस रुपयांचे दोन मासे, कूलर माशांना.

सासरची मंडळी आली तेव्हा मोठे लोक घामाघूम होऊन भिंतीशी बसले होते आणि खोलीतली एकमेव गार झुळूक संत्रीच्या डोक्यावरून जात होती. मेहुणीनं विचारलं, "जावई, टाकी मस्त चमकून राहिली. कशानं धुतली?"

रात्री नऊपर्यंत थर्मामीटर ३० वर आला. दहाला संत्रीनं शेपटी एकदा हलवली. सगळे टाकीभोवती गोळा झालो होतो. माशासाठी की कूलरसाठी ते विचारू नका. दोन दिवस दोघींना उपास घातला, कारण गोल्डफिशला खरं तर पोटच नसतं, खाल्लेलं थेट आतड्यात जातं, आणि अर्धवट विरजलेल्या टाकीत आणखी घाण नको. तिसऱ्या दिवशी संत्री सरळ झाली. काचेवर बोट ठेवलं की आली.

संध्याकाळी काकू डोकावल्या. "उतरली का ऊन?"

"उतरली काकू."

"पन्हं दिलं असंन."

आजूबाजूला कूलरच्या वाऱ्यासाठी टाकीच्या पायाशी फरशीवर झोपलेलं माझं अख्खं कुटुंब होतं. मी म्हटलं, "हो. दोन चमचे."