जळक्या ऑइलने डांबर तरुण होत नाही

पावसाळ्याआधी रस्त्यावर मारायला म्हणून सातारा तालुक्यातल्या आमच्या गावी चुलतभावाने गॅरेजमधून जळक्या ऑइलचे डबे आणून ठेवलेत. निमित्त व्हॉट्सॲपवर फिरणारा मेसेज: जुना डांबरी रस्ता हातोडीखाली खणखणीत वाजला तर तो नव्याहून पक्का, फिकट पडला तर जळकं ऑइल मारा, अल्ट्रासॉनिक तपासणी (ध्वनिलहरी सोडून डांबराची पारख) म्हणजे धूळफेक, वर तिचे किरण घातक. असलं काही लोकांच्या गळी उतरवणाऱ्यांचा संताप येतो.

आधी ऑइल, कारण त्यात माणूस मरू शकतो. डांबर म्हातारं होतं ते मुख्यतः हवेतल्या ऑक्सिजनमुळे. त्यातला तेलकट भाग घटतो, अस्फाल्टीन हा जड, घट्ट भाग वाढतो, डांबर कडक आणि ठिसूळ होतं. म्हणून कुठलंही तेल ओतून चालत नाही. जळकं ऑइल वरचं डांबर विरघळवतं, खडीवरची पकड सुटते आणि खडी निखळायला लागते. रस्ता काळाभोर दिसेल, पण पहिल्याच सरीत त्यावरून दुचाकी घसरेल आणि उरलेलं ऑइल वाहत ओढ्याला जाईल. वापरलेलं ऑइल 2016 च्या नियमांनुसार घातक कचऱ्यात मोडतं. म्हाताऱ्या डांबराला पुन्हा मऊ करणारी रिजुव्हेनेटर नावाची द्रव्यं असतात, हे खरं; पण ती याच कामासाठी बनवतात आणि मोजून वापरतात.

आता 'खणखणीत म्हणजे पक्का'. अमेरिकेतल्या इलिनॉय विद्यापीठातल्या संशोधकांनी डांबरी मिश्रणाचे नमुने 135 अंश सेल्सिअसला 36 तासांपर्यंत भट्टीत ठेवून त्यांतून ध्वनिलहरी सोडल्या. साधारण 24 तासांपर्यंत लहरींचा वेग वाढत गेला, पुढे उतरला. म्हणजे आधी कडकपणा वाढतो, मग मालच खचतो. मेसेजवाल्यांनी या चढतीलाच मजबुती ठरवलं. कडक झालेलं डांबर थंडीत आकसताना ताण सोसत नाही, तडकतं.

किरणांचं तर काहीच नाही. अल्ट्रासॉनिक म्हणजे 20,000 हर्ट्झच्या वरचा, कानाला न ऐकू येणारा आवाज. त्यात किरणोत्सर्ग नसतो.

एक मात्र मेसेजमध्ये अर्धं खरं निघालं. अल्ट्रासॉनिक तपासणीत नुसत्या वेगाच्या एका आकड्यावर विसंबता येत नाही. तापलेल्या डांबरात लहर मंदावते, त्यामुळे मे महिन्यातल्या भर दुपारचा आणि पहाटेचा आकडा जुळणार नाही. शिवाय चढतीवर आणि उतरतीवर तोच वेग मिळू शकतो. याचसाठी इलिनॉयच्या त्याच गटाने दोन लहरी कोनात सोडून त्यांच्या मिश्रणातून उठणारी तिसरी लहर मोजायची पद्धत डांबराच्या वयासाठी वापरून पाहिली. धूळफेक करणारे एवढे कष्ट घेत नाहीत.