आधी ते मूल काय वाचू शकतं ते तर ऐका

सहावीतली मुलगी. पुस्तक समोर उघडलेलं, बोट ओळीवर, आणि वाचन एकदम घडाघडा. कुठे अडखळणं नाही, स्वल्पविरामाला थांबणंसुद्धा बरोबर. मी कौतुकाने ऐकत होतो. मग लक्षात आलं की बोट तिसऱ्या ओळीवर आहे आणि तोंडात पाचवी ओळ चालू आहे. मी मधल्याच एका शब्दावर बोट ठेवून विचारलं, "बाळा, हा शब्द कोणता?" ती गप्प झाली. मग तिने परिच्छेद पहिल्यापासून पुटपुटायला घेतला, शब्दाशब्दाला बोट सरकवत त्या शब्दापर्यंत आली, आणि मगच उत्तर दिलं.

अख्खा धडा तिला पाठ होता. वाचता येत नव्हतं.

तिची वही मी नंतर पाहिली. अक्षर सुंदर. फळ्यावरचं सगळं नीट उतरवून घेतलेलं, प्रत्येक पानावर बरोबरची खूण, दोन-तीन ठिकाणी 'छान' असा शेरा. हजेरी जवळजवळ पूर्ण. म्हणजे ही मुलगी पाच वर्षं रोज शाळेत आली, पाच वर्गशिक्षकांच्या हाताखालून गेली, आणि तिला वाचता येत नाही हे कोणालाच कळलं नाही. लपवायला तिने किती मेहनत घेतली असेल! पाठांतराची एवढी ताकद असलेल्या मुलीला वाचायला शिकवणं अवघड नव्हतंच. फक्त तिला एकटीला समोर बसवून, न पाहिलेला चार ओळींचा उतारा कोणी वाचायला दिला नव्हता.

मी शिक्षक नाही. आठवड्यातून दोन दुपारी एका सरकारी शाळेत मुलांचं वाचन ऐकायला जातो, एवढंच माझं काम. पण इतकी वर्षं ऐकून माझं एक मत पक्कं झालंय आणि आज ते सविस्तर लिहितोय. सरकारी शाळांचा विषय निघाला की आपण इमारत, संगणक, शिक्षकांचे पगार, इंग्रजी माध्यम यांवर तावातावाने बोलतो. यातल्या काही गोष्टी महत्त्वाच्या आहेतही. पण समोरच्या मुलाला आज नेमकं काय येतं, हे शाळेला माहीतच नसतं. ते कळेपर्यंत बाकीचा खर्च मुलापर्यंत पोचत नाही.

हे एका शाळेचं किंवा एका देशाचं दुखणं नाही. जागतिक बँकेने २०१९ साली एक साधा हिशेब मांडला. कमी आणि मध्यम उत्पन्नाच्या देशांत दहा वर्षांच्या किती मुलांना साधा, वयाला शोभेल असा मजकूर वाचून समजत नाही? उत्तर आलं ५३ टक्के. कोविडमध्ये शाळा बंद राहिल्यानंतर, २०२२ मध्ये, हाच अंदाज ७० टक्क्यांवर गेला. यातली बहुतेक मुलं शाळेत जाणारी आहेत. त्यांची नावं पटावर आहेत.

हे होतं कसं ते वर्गात मागे बसलं की दिसतं. पहिली-दुसरीत अक्षरं, काना-मात्रा, जोडाक्षरं. तिसरीपासून शाळा धरून चालते की वाचन झालं, आता वाचून शिकायचं. परिसर, इतिहास, अगदी गणितातली शाब्दिक उदाहरणंसुद्धा. ज्याचं वाचन दुसरीत राहिलं त्याच्यासाठी त्या दिवसापासून सगळेच विषय बंद होतात. अभ्यासक्रम मात्र थांबत नाही. शिक्षकाला पोर्शन संपवायचा असतो, आणि संपवला की नाही हे विचारणारे वरती खूप असतात. मुलांना समजला का, हे विचारणारं कोणी नसतं. मग बिचारा शिक्षक पहिल्या दोन बाकांकडे बघून शिकवतो, कारण उत्तरं तिथूनच येतात.

केनियात एक प्रयोग झाला होता. ग्रामीण शाळांत पाठ्यपुस्तकं कमी होती, म्हणून ती पुरवली आणि निकाल तपासला. सरासरी गुण हलले नाहीत. फायदा झाला तो आधीपासून पुढे असलेल्या मुलांना, कारण पुस्तकं इंग्रजीत होती आणि बाकीच्या बऱ्याच मुलांना ती वाचताच येत नव्हती. पेरूमध्ये सरकारने मुलांना लॅपटॉप वाटले. २०१२ मध्ये त्याची पाहणी प्रसिद्ध झाली तेव्हा गणितात आणि भाषेत काही फरक सापडला नाही. वाटप करणाऱ्यांच्या हेतूबद्दल मला शंका नाही. पण मूल पायरीवर कुठे उभं आहे हे न बघता वरच्या मजल्यावर सामान नेऊन ठेवलं तर ते त्याच्या हाताला लागणार कसं?

गणितातही हेच. एका मुलाने ५२ वजा २७ चं उत्तर ३५ लिहिलं. चूक, शून्य गुण. पुढचं उदाहरण ६३ वजा ३८, उत्तर ३५. पुन्हा शून्य. मी त्याला म्हटलं, कसं केलंस ते मोठ्याने सांग. म्हणाला, "सातातून दोन गेले पाच, पाचातून दोन गेले तीन." म्हणजे वरचा अंक लहान असला की तो सरळ उलटी वजाबाकी करत होता. त्याचा स्वतःचा नियम होता आणि तो तो इमानदारीने पाळत होता! दशक सुटा करून घ्यायचा असतो हेच त्याला कधी उमगलं नव्हतं. काड्यांचे दहा-दहाचे गठ्ठे करून एक गठ्ठा त्याच्याच हाताने सोडवला, तेव्हा दोन दिवसांत गाडी रुळावर आली. वहीवरच्या लाल फुल्यांनी त्याला हे दहा वर्षांतसुद्धा शिकवलं नसतं. चूक कुठून येते हे मुलाच्या तोंडूनच कळतं, आणि त्यासाठी त्याला बोलू द्यावं लागतं.

यावर उपाय काही नवा शोध नाही. १९९५ साली मुंबईत सुरू झालेल्या 'प्रथम' संस्थेने तो खूप मोठ्या प्रमाणावर करून दाखवला आहे. प्रत्येक मुलाची एकेकट्याने दोन-तीन मिनिटांची तोंडी तपासणी करायची. अक्षर ओळखतो का, शब्द वाचतो का, परिच्छेद वाचतो का, गोष्ट वाचतो का. मग दिवसातला एखादा तास इयत्ता बाजूला ठेवून मुलांचे गट पाडायचे. तिसरी ते पाचवीतली जी मुलं शब्दावर अडली आहेत ती सगळी एकत्र, परिच्छेदवाली एकत्र. ज्याला जे येत नाही तिथूनच सुरुवात. काही आठवड्यांनी पुन्हा ऐकायचं आणि गट बदलायचे. उत्तर प्रदेशात अशी थोड्या दिवसांची शिबिरं शाळेच्याच वेळेत घेतली, तेव्हा परिच्छेद किंवा गोष्ट वाचू शकणाऱ्या मुलांचं प्रमाण, शिबिरं न झालेल्या शाळांच्या तुलनेत, जवळजवळ दुप्पट निघालं. आफ्रिकेतल्या काही देशांनीही नंतर हीच पद्धत उचलली.

यातला सगळ्यात शिकण्यासारखा भाग मात्र अपयशाचा आहे. बिहार आणि उत्तराखंडात हेच साहित्य आणि हेच प्रशिक्षण शिक्षकांना देऊन, 'आता तुम्ही वर्षभर वापरा' असं सांगितलं, तेव्हा फारसं काही घडलं नाही. शिक्षक तेच, चांगलेच. पण वर्गात परतल्यावर अभ्यासक्रमाचं ओझं जिंकलं. हरियाणात मात्र त्यासाठी दिवसातला वेगळा तास राखून ठेवला, वरच्या अधिकाऱ्यांनी तो तास होतोय का हे येऊन पाहिलं, मदत केली, आणि तिथे भाषेत फरक पडला. म्हणून मी पुन्हा पुन्हा म्हणतो की 'शिक्षकांना प्रशिक्षण द्या' एवढं बोलून भागत नाही. वेळापत्रकात तास द्या. त्या तासाला माहिती भरण्याचं काम, बैठक, सर्वेक्षण काहीही लावू नका.

गट पाडले की मुलांना 'ढ' ठरवल्यासारखं होईल, अशी भीती पालक आणि शिक्षक दोघेही बोलून दाखवतात. ही भीती मला मान्य आहे, कारण कायमच्या तुकड्या पाडून 'क' तुकडीला वाऱ्यावर सोडलेलं मीही पाहिलंय. पण इथे गट बुद्धीचे नाहीत, एका कौशल्याचे आहेत, एका तासापुरते आहेत आणि सतत बदलतात. शिवाय मुलाला स्वतःला वाचता येत नाही हे सगळ्यात आधी त्यालाच माहीत असतं. रोज पाच तास न समजणारं ऐकत बसण्यात कुठला सन्मान आहे? केनियात २००५ मध्ये १२१ शाळांत पाहिलं गेलं. त्यातल्या जवळपास निम्म्या शाळांनी पहिलीची मुलं पातळीनुसार दोन वर्गांत विभागली. फायदा वरच्या वर्गालाही झाला आणि खालच्यालाही, कारण शिक्षक समोरच्या मुलांना साजेसं शिकवू शकले.

ब्राझीलमधल्या सोब्राल शहराची गोष्ट मला फार जवळची वाटते. सेआरा हे गरीब राज्य, त्यातलं हे मध्यम आकाराचं शहर. २००० सालाच्या सुमारास तिथे तपासलं तर दुसरी संपवणाऱ्या जवळजवळ निम्म्या मुलांना वाचता येत नव्हतं. नगरपालिकेने हे लपवलं नाही, ते उघड्यावर मांडलं. मुख्याध्यापक राजकीय ओळखीवर नेमणं बंद करून परीक्षेने निवडले. एकच ध्येय ठरवलं, लहान वयात प्रत्येक मूल वाचतं झालं पाहिजे. वर्षातून दोनदा बाहेरची माणसं येऊन मुलांचं वाचन तपासू लागली. २०१७ च्या राष्ट्रीय गुणवत्ता निर्देशांकात हेच शहर देशात पहिलं आलं. पैसा काही अचानक आभाळातून पडला नव्हता. लक्ष एका ठिकाणी लागलं आणि बरीच वर्षं तिथून हललं नाही.

यातली 'बाहेरची माणसं' ही गोष्ट बारकाईने घ्या. कारण आपलेच आकडे आपणच भरायचे आणि वाईट आकड्याला नोटीस मिळणार असेल, तर आकडे चांगलेच येणार. मी एका शाळेत ९० टक्के प्रगत असा अहवाल पाहिला आणि त्याच आठवड्यात त्याच वर्गातल्या वीस मुलांपैकी अकरा जणांना सोपा परिच्छेद वाचता आला नाही. शिक्षिका डोळ्यांत पाणी आणून म्हणाल्या, "खरं लिहिलं तर मलाच उत्तर द्यावं लागेल हो." त्यांच्यावर राग कसा धरायचा? खरं सांगणाऱ्या शिक्षकाला मदत मिळते, सहकारी मिळतो, वेळ मिळतो असं जिथे घडतं तिथेच खरे आकडे येतात. शिक्षा आकड्याला जोडली की आजार तसाच राहतो, फक्त ताप दिसेनासा होतो.

नापास करावं की ढकलावं, हा वादही मला याच कारणाने अपुरा वाटतो. न शिकवता पुढे ढकलणं वाईट, आणि त्याच वर्गात तेच पुस्तक तसंच पुन्हा शिकवणं तितकंच वाईट. अमेरिकेतल्या मिसिसिपी या गरीब राज्याने २०१३ मध्ये कायदा करून तिसरीत वाचन न येणाऱ्यांना थांबवायचं ठरवलं, याचा दाखला लोक देतात. पण त्याच कायद्यामागे बालवाडीपासूनची तपासणी होती, शिक्षकांना वाचन कसं शिकवायचं याचं सखोल प्रशिक्षण होतं, मागे पडलेल्या शाळांत मार्गदर्शक पाठवले होते. चौथीच्या वाचनात देशाच्या तळाशी असलेलं ते राज्य २०१९ पर्यंत राष्ट्रीय सरासरीला पोचलं. नुसतं नापास करून हे झालं असतं असं मला अजिबात वाटत नाही.

आणखी दोन गोष्टी. पहिलीचा वर्ग बहुतेक ठिकाणी नव्या, किंवा सतत बाहेरच्या कामाला पाठवल्या जाणाऱ्या शिक्षकाला मिळतो, आणि अनुभवी शिक्षक वरच्या वर्गांना, कारण मोठी परीक्षा तिथे असते. हे उलटं हवं. सगळ्यात चांगला शिक्षक पहिलीला द्या, आणि पट कमी करता येत असेल तर तोही तिथेच आधी करा. अमेरिकेतल्या टेनेसी राज्यात १९८५ पासून चार वर्षं चाललेल्या प्रयोगात १३ ते १७ मुलांच्या वर्गांनी २२ ते २५ च्या वर्गांपेक्षा चांगली कामगिरी केली होती, आणि ती मुलं बालवाडी ते तिसरीतली होती. दुसरी गोष्ट डोळ्यांची. चीनच्या ग्रामीण भागात फळा नीट न दिसणाऱ्या मुलांना मोफत चष्मे दिले तर त्यांचे गणिताचे गुण वाढले, असा अभ्यास २०१४ मध्ये प्रसिद्ध झाला. 'लक्ष देत नाही' असा शेरा मारण्याआधी त्याला दिसतंय का, ऐकू येतंय का, हे एकदा तरी तपासा.

पालकांना एवढंच सांगेन. तुम्हाला स्वतःला वाचता येत नसलं तरी चालेल. मुलाला रोज दहा मिनिटं मोठ्याने वाचायला सांगा आणि मग पुस्तक मिटून 'आता तुझ्या शब्दांत सांग' म्हणा. सांगता आलं नाही तर दुसऱ्या दिवशी शाळेत जाऊन शिक्षकांशी बोला, भांडायला म्हणून नको. आणि पालकसभेत निकालाची टक्केवारी विचारण्याऐवजी विचारा, "माझ्या मुलाचं वाचन एकट्याने शेवटचं कधी ऐकलंत?"

ती सहावीतली मुलगी आता सातवीत आहे. चार महिन्यांत अक्षरांवरून छोट्या परिच्छेदांवर आली. पण तिच्याबरोबर माझं एक घोडं अडलंय. तिला वाचता येईल असं जे साहित्य मिळतं ते सगळं सहा वर्षांच्या मुलांसाठीचं, ससा-कासव आणि फुगे. बारा वर्षांच्या मुलीला ते हातात धरायची लाज वाटते, इतर मुलं आली की ती पुस्तक दप्तराखाली सरकवते. शब्द सोपे, वाक्यं छोटी, पण विषय तिच्या वयाचा हवा. खेळ, अंतराळ, शरीर, एखादी थरारक गोष्ट. असं काही तुमच्यापैकी कोणी लिहिलं असेल, वापरलं असेल, तर कृपया कळवा. नसेल तर आपण चार-पाच जणांनी मिळून लिहूया. अशा आणखी सात मुलांची यादी माझ्याकडे तयार आहे.