नवी रोड बाईक? चालवायच्या आधी बदला!

नवी रोड बाईक, म्हणजे डांबरी रस्त्यावर वेगाने चालवायची सायकल, घेतलीत, अभिनंदन. आता कृपा करून ती महिनाभर चालवून बघू नका. चालवली की कुठे टोचतंय, कुठे अडतंय, काय ठीक आहे हे कळायला लागतं, आणि मग खरेदीतली निम्मी मजा जाते. कंपनीने लावलेला प्रत्येक भाग टाकाऊच असतो, असं समजून कामाला लागा.

पहिलं वजन. यूसीआय या आंतरराष्ट्रीय सायकलिंग संघटनेच्या नियमानुसार शर्यतीतली सायकल ६.८ किलोपेक्षा हलकी चालत नाही. तुम्हाला शर्यतीला कोणी बोलावलेलं नाही, त्यामुळे तुम्ही खुशाल त्याच्याही खाली जा. टायटॅनियमचे बोल्ट लावा. वाचलेले वीस-पंचवीस ग्रॅम बाटलीत घोटभर पाणी कमी भरूनही वाचले असते, पण घोटाची पावती मिळत नाही ना!

मग कार्बनच्या उंच रिमची चाकं. सपाटीवर ताशी ३० किलोमीटरने जाताना बहुतेक ताकद हवा कापण्यात जाते, हे अगदी खरं. त्या हवेला आडवं येणारं धूड मुख्यतः तुमचंच असतं, हेही खरं. पण कोपर वाकवून खाली झुकायला काही विकत घ्यावं लागत नाही, म्हणून ते सोडून द्या. सिरॅमिक बेअरिंगही घ्या. सायकल उचलून चाक हवेत फिरवून दाखवा, बघणारे थक्क होतील. तुमचं वजन पडल्यावर किती फरक पडतो, हे कोणी विचारलं तर विषय बदला.

टायरकडे मात्र ढुंकूनही बघू नका. कमी किमतीच्या बाईकवर कंपनी हात आखडते तो बहुधा इथेच: तारेच्या कडेचे, जड, निबर टायर. चांगले लवचीक टायर घातले, जागा असेल तर २५ऐवजी २८ मिलिमीटरचे, आणि वजनाच्या हिशेबाने हवा थोडी कमी ठेवली, की खडबडीत रस्त्यावर सायकल लगेच सुधारते. मग चाकांसाठी घरच्यांना काय कारण सांगाल? टायरवर छापलेला हवेचा कमाल आकडा हाच हुकूम माना. दात हलले तरी चालतील. रिम ब्रेकचे पॅडही राहू द्या, चांगले पॅड लावले तर गाडी वेळेवर थांबेल.

चढावर दम लागतो? मागच्या चाकावरच्या दातेरी चकत्यांचा संच, म्हणजे कॅसेट, ११-२८ दातांची काढून ११-३४ची टाकणं (चेन एका चकतीवरून दुसरीवर नेणाऱ्या डिरेलरला झेपत असेल तर) फारच साधं. त्यापेक्षा आठ गिअरचे नऊ करा: शिफ्टर (गिअर बदलायची कळ), कॅसेट, चेन, सगळं एका दमात बदलतं.

सॅडल टोचतं? सीटची उंची नीट करायला एक ॲलन की पुरते, म्हणून त्याला अपग्रेड म्हणता येत नाही. बसायच्या हाडांमधलं अंतर मोजू नका. व्यावसायिक स्वार वापरतो तेच सॅडल मागवा, त्याची हाडं तुमच्यासारखीच असणार.

काढलेले मूळ भाग तेवढे नीट गुंडाळून ठेवा. सायकल विकायला काढाल तेव्हा गिऱ्हाईक तुमच्या कार्बनचे वेगळे पैसे देणार नाही, पण मूळ चाकं कुठे आहेत हे हमखास विचारेल.