फादर स्टीफन्स गोव्याला का आले, हेही सांगा

दरवर्षी २७ फेब्रुवारी आली की मराठीत 'ख्रिस्तपुराण' लिहिणारे फादर थॉमस स्टीफन्स यांची ओवी सगळीकडे फिरते. रत्नांत जसा हिरा, तशी भाषांमध्ये मराठी. मीही वर्षानुवर्षं ती फळ्यावर लिहिली. एका परक्या माणसाला आपली भाषा केवढी आवडली, एवढं सांगायचं आणि पुढच्या धड्याकडे वळायचं. एका वर्षी सातवीतल्या एका मुलीने विचारलं, "बाई, ते इंग्रज होते ना? मग पोर्तुगिजांच्या गोव्यात कसे काय आले?" मी म्हटलं, "धर्मप्रसारासाठी." वेळ मारून नेली. ते उत्तर खोटं नव्हतं, पण अर्धंच होतं. उरलेलं अर्धं कळायला मला बरीच वर्षं लागली. ते मला आज लिहायचंय.

स्टीफन्स १५४९ च्या सुमारास इंग्लंडमधल्या विल्टशर परगण्यात जन्मले. ते दहा वर्षांचे होईपर्यंत गादीवर तीन जण बसले आणि देशाचा धर्म दोनदा फिरला. सहावा एडवर्ड प्रोटेस्टंट, म्हणजे पोपची सत्ता न मानणारा. त्याच्या काळात चर्चमधल्या मूर्ती काढल्या, दगडी वेद्या फोडून लाकडी टेबलं मांडली. १५५३ मध्ये मेरी आली, ती कट्टर कॅथलिक, पोपला मानणारी. वेद्या पुन्हा बांधल्या, लॅटिन मिस्सा, म्हणजे कॅथलिकांची चर्चमधली मुख्य उपासना, परत आली. १५५८ मध्ये एलिझाबेथ आली आणि वर्षभरात वेद्या पुन्हा उखडायला सुरुवात झाली. आईने शिकवलेली प्रार्थना गुन्हा आहे की पुण्य, हे लंडनहून येणाऱ्या हुकुमावर ठरायचं.

याची सुरुवात एडवर्ड, मेरी आणि एलिझाबेथ या तिघांच्या बापापासून, आठव्या हेन्रीपासून. ३० जुलै १५४० या एका तारखेवर माझं मन अडकून राहतं. त्या दिवशी लंडनच्या स्मिथफील्डमध्ये सहा जणांना मारलं. तिघे प्रोटेस्टंट, ते पाखंडी म्हणून जाळले. तिघे कॅथलिक, त्यांनी राजाला चर्चचा प्रमुख मानलं नाही म्हणून राजद्रोहाखाली फासावर चढवून त्यांचे तुकडे केले. जागा एक, दिवस एक, हुकूम एकाच राजाचा.

मेरीच्या राज्यात १५५५ ते १५५८ या चार वर्षांतच सुमारे २८० प्रोटेस्टंट जिवंत जाळले गेले. क्रॅन्मरसारख्या आर्चबिशपचं नाव इतिहासात राहिलं. जीव वाचवायला आपण आपली मतं सोडल्याच्या लेखावर सही केली, याची त्यांना इतकी शरम वाटली की सही करणारा उजवा हात त्यांनी आधी आगीत धरला. पण जळालेल्यांत विणकर होते, मजूर होते, कितीतरी बायका होत्या. मेरीला 'रक्तपिपासू' म्हणतात आणि मला त्या शब्दाची तक्रार नाही. तक्रार आहे ती यानंतर येणाऱ्या एलिझाबेथच्या काळाला नुसतं 'सुवर्णयुग' म्हणून मोकळं होण्याची.

दोन वर्षांपूर्वी मुलाकडे गेले होते, तेव्हा यॉर्क पाहिलं. तिथे शॅम्बल्स नावाची खाटकांची जुनी गल्ली आहे. वरचे मजले इतके पुढे झुकलेले की समोरासमोरच्या खिडक्यांतून हात मिळवता येईल असं वाटतं. तिथे मार्गारेट क्लिथेरो नावाच्या एका खाटकाच्या बायकोचं छोटं प्रार्थनास्थळ आहे. बाहेर पर्यटकांची झुंबड, आत मी आणि एक म्हातारी, दोघीच. मार्गारेट कॅथलिक झाली होती, नवरा सरकारी चर्चमध्येच राहिला. ती रविवारी चर्चला जात नसे म्हणून दंड भरायचा तो नवराच. तिने घरात धर्मगुरूंना आसरा दिला. धाड पडली तेव्हा एका लहान मुलाला दमदाटी केली आणि त्याने घाबरून लपवलेली खोली दाखवली. कोर्टात तिने आरोपाला उत्तर द्यायलाच नकार दिला, कारण खटला चालला असता तर तिच्याच मुलांना तिच्याविरुद्ध साक्ष द्यावी लागली असती. उत्तर न देणाऱ्याला तेव्हा एकच शिक्षा होती. २५ मार्च १५८६ रोजी तिला जमिनीवर पालथं नव्हे, उताणं झोपवलं, पाठीखाली टोकदार दगड ठेवला, अंगावर दार टाकलं आणि त्या दारावर वजनं रचत गेले. पाव तासात गेली. तिचा म्हणून जपलेला एक हात यॉर्कमधल्याच बार कॉन्व्हेंटमध्ये आहे. तिथे मी गेले नाही, धीर झाला नाही.

कुणी म्हणेल, एलिझाबेथचा नाइलाज होता. १५७० मध्ये पोपने तिला बहिष्कृत केलं, प्रजेला तिच्या आज्ञेतून मोकळं केलं. तिला मारायचे कट खरे होते. मान्य. पण मार्गारेटच्या त्या खोलीत कट शिजत नव्हता, तिथे मिस्सा होत होती. १५७१ पासून रोमहून आशीर्वादित जपमाळ आणून वाटणं हाही गुन्हा ठरला. १५८१ पासून सरकारी चर्चमध्ये न जाणाऱ्याला महिन्याला २० पौंड दंड, म्हणजे साध्या कारागिराची वर्षाची कमाईही त्याहून कमी. १५८५ पासून परदेशात दीक्षा घेऊन आलेला धर्मगुरू देशात सापडणं हाच राजद्रोह आणि त्याला आसरा देणाऱ्यालाही मरण. तिच्या ४४ वर्षांच्या राज्यात दीडशेहून जास्त कॅथलिकांना असं मारलं.

याच देशातून स्टीफन्स निघाले. थॉमस पाउंड नावाचे त्यांचे श्रीमंत मित्र होते, एकेकाळी राणीच्या दरबारातले. असं सांगतात की स्टीफन्स त्यांचे नोकर म्हणून वावरत, संशय येऊ नये म्हणून. दोघांनी रोमला पळून जायचं ठरवलं होतं, पण पाउंड पकडले गेले आणि पुढची सुमारे ३० वर्षं एका तुरुंगातून दुसऱ्या तुरुंगात काढली. स्टीफन्स एकटे रोमला पोचले, १५७५ मध्ये जेझुइट या कॅथलिक धर्मगुरूंच्या संघात गेले आणि तिथे खटपट करून तुरुंगातल्या मित्रालाही संघात घ्यायला लावलं. ४ एप्रिल १५७९ ला लिस्बनहून जहाजात बसले आणि ऑक्टोबरमध्ये गोव्यात उतरले. वडिलांना लिहिलेल्या पत्रात त्या प्रवासातली आजारपणं, सुजलेल्या हिरड्या सगळं आहे. घरी मात्र ते पुन्हा कधीच गेले नाहीत. त्यांच्याच संघाचे एडमंड कॅम्पियन १५८० मध्ये इंग्लंडला परतले आणि पुढच्याच वर्षी लंडनच्या टायबर्न या वधस्थळी त्यांचे तुकडे केले गेले.

इथपर्यंत सांगून थांबले तर पुन्हा अर्धंच सांगितल्यासारखं होईल. कारण स्टीफन्स ज्या गोव्यात उतरले तिथे १५६० पासून इन्क्विझिशन, म्हणजे पाखंड्यांना शिक्षा करणारं चर्चचं न्यायालय होतं. त्यांच्या वाट्याला आलेल्या, दक्षिण गोव्यातल्या साष्टीत १५६७ मध्येच देवळं पाडून झाली होती. १५८३ मध्ये साष्टीतल्याच कुंकळ्ळी गावाच्या लोकांनी पाच जेझुइटांना ठार मारलं, आणि मग पोर्तुगिजांनी तिथल्या गावकरांना, म्हणजे गावच्या प्रमुखांना, बोलणीसाठी म्हणून बोलावून घेऊन मारलं. साष्टीतल्या जेझुइटांचे तेव्हाचे प्रमुख रुडॉल्फ अक्वाविवा मारल्या गेलेल्या त्या पाच जणांतच होते. त्याच वर्षी राल्फ फिच आणि त्याचे सोबती, हे इंग्रज व्यापारी, पकडून गोव्याच्या तुरुंगात टाकले गेले. ते त्या एलिझाबेथचीच प्रजा. त्यांना सोडवायला धावून गेलेल्यांत स्टीफन्स होते. हे वाचलं तेव्हा मला खूप बरं वाटलं. पण साष्टीच्या लोकांसाठी त्यांनी असं काही केल्याचं माझ्या वाचनात आलं नाही, आणि ते मनाला लागून राहिलंय.

ख्रिस्तपुराण १६१६ मध्ये छापलं गेलं. त्याच्या सुरुवातीलाच एक ब्राह्मण पाद्रीला विनवतो, की आमची पूर्वीची पुराणं तुम्ही बंद केलीत, तर आता आमच्यासाठी तशीच दुसरी का रचत नाही? ज्या माणसाच्या मायदेशात जपमाळ लपवून ठेवावी लागत होती, त्याने ही ओळ लिहिली. लिहिताना त्याला पाउंडची कोठडी आठवली असेल का? मला वाटतं, आठवली असेल. वर्गातल्या त्या मुलीला हे सगळं सांगायला हवं होतं. ती आता तिशीत असेल. तिच्यापर्यंत ही पोस्ट पोचली, तर बाईंचं उत्तर एवढं उशिरा आलं म्हणून रागावू नकोस.