माजघरातला पूल

नागपुरातल्या महाल भागातल्या आमच्या जुन्या घराच्या भिंती दीड हात जाडीच्या आहेत. त्या बांधणाऱ्या पणजोबांनी ऊन, चोर आणि भाऊबंद या तिघांचा विचार केला असला, तरी वायफायच्या २.४ गिगाहर्ट्झच्या लहरींचा केलेला नव्हता. इंटरनेटची तार पुढच्या बैठकीत येते आणि राउटरही तिथेच, अण्णांच्या म्हणजे माझ्या सासऱ्यांच्या आरामखुर्चीच्या वर, टांगलेला आहे. माजघरातल्या माझ्या संगणकापर्यंत वायफाय कसेबसे पोहोचते. मागच्या खोलीत, जिथे माझा पुतण्या अभियांत्रिकीचा अभ्यास करतो असे घरात मानले जाते, तिथे ते पोहोचत नाही. ५ गिगाहर्ट्झची लहर वेगाने चांगली, पण भिंतींपुढे अधिकच नाजूक असल्यामुळे ती बैठकीतच अण्णांची सेवा करीत राहते.

बैठकीतून थेट मागे केबल न्यावी, हा सरळ उपाय अण्णांनी फेटाळला, कारण त्यासाठी दोन भिंतींना भोके पाडावी लागली असती. तेव्हा पुतण्याची नजर माझ्याकडे, अधिक अचूक सांगायचे तर माझ्या संगणकाकडे, वळली. "काकू, तुझा कॉम्प्युटर मधातच आहे. बैठकीतून वायफाय घेईन अन् मागे केबलने देईन. तुला काहीच करायचं नाही." घरातल्या बाईला 'तुला काहीच करायचं नाही' असे सांगितले गेले की कामाची व्याप्ती साधारण लक्षात येते.

बर्डीच्या बाजारातून केबल आली. अशी केबल शंभर मीटरपर्यंत चालते; आम्हाला लागत होती ती खिडकीतून पलीकडच्या टेबलापर्यंत. पूर्वी दोन संगणक थेट जोडायला आतल्या तारा उलटसुलट केलेली 'क्रॉस' केबल लागत असे. आता बहुतेक नेटवर्क कार्डे ती अदलाबदल स्वतःच करतात, असे दुकानदाराने सांगितले आणि साधीच केबल दिली.

पुतण्याने आधी इंटरनेट वाटून देण्याची सोपी सोय वापरली. विंडोज ९८ च्या दुसऱ्या आवृत्तीपासून, म्हणजे १९९९ पासून, ती उपलब्ध आहे. तिच्यात माझा संगणक स्वतःच छोटा राउटर होतो, १९२.१६८.१३७.१ असा पत्ता धारण करतो आणि मागच्या संगणकाला आपल्या हाताने पत्ता देतो. इंटरनेट सुरू झाले. परंतु मागची खोली आता वेगळ्या चुलीची झाली होती आणि बैठकीतला प्रिंटर तिथून दिसेना. अण्णांची पत्रे आणि सूचना पुतण्याच टंकित करून तिथून छापत असल्यामुळे ही वाटणी त्यांना मान्य होणे शक्य नव्हते. सगळे घर एकाच जाळ्यात हवे असेल तर नेटवर्क ब्रिज, म्हणजे दोन जोडण्यांना एकाच जाळ्यात आणणारा पूल, करावा लागेल, असे ठरले. ही सोय २००१ च्या विंडोज एक्सपीपासून आहे. "माझ्या जन्माच्या आधीपासून आहे," असे पुतण्याने सांगितले, जणू त्यामुळे ती आपोआप विश्वासार्ह ठरत होती.

ब्रिज करणे दिसायला सोपे असते: दोन्ही जोडण्या निवडायच्या, उजवी कळ दाबायची आणि 'ब्रिज कनेक्शन्स' म्हणायचे. आधी वाटून दिलेली जोडणी ब्रिजमध्ये घेता येत नाही, असा निरोप आला. म्हणून ती सोय बंद केली. मग ब्रिज झाला आणि माझे वायफाय कार्ड व केबलचे कार्ड या दोघांचेही स्वतंत्र पत्ते नाहीसे झाले. यापुढे दोघांच्या वतीने एकटा ब्रिजच पत्ता मागणार होता. मागच्या संगणकाला मात्र कोणीच पत्ता देईना, त्यामुळे त्याने १६९.२५४ ने सुरू होणारा, निराधारांसाठी राखून ठेवलेला पत्ता स्वतःच घेतला.

कारण पुढे कळले, आणि मला ते मनापासून पटले. राउटर वायफायवर ज्याची नोंद झाली आहे त्याच कार्डाची माहितीची पाकिटे स्वीकारतो. रेशन कार्डावर नाव नाही त्याला धान्य नाही, तसेच हे. यावर तोडगा म्हणजे विंडोजच्या आज्ञा लिहायच्या काळ्या खिडकीत एक आज्ञा लिहून ब्रिजला 'कम्पॅटिबिलिटी मोड'मध्ये टाकणे. मग मागच्या खोलीतून येणाऱ्या प्रत्येक पाकिटावर माझा संगणक स्वतःचे नाव घालतो आणि उत्तर आले की ज्याचे त्याला पोहोचवतो. प्रिंटर दिसला, इंटरनेट आले आणि अण्णांनी राउटरकडे पाहून समाधानाने मान हलवली.

माझा त्रास तिथून सुरू झाला. मी मुद्रितशोधनाची कामे करते. काम संपले की संगणक बंद करावा, अशी माझी साधी सवय होती. आता मी तो बंद केला की मागून हाक येते, "काकू, क्लास अडकून राहिला ना!" तो आपोआप झोपी जाऊ नये म्हणून त्याची झोपही सेटिंगमध्ये जाऊन काढून घेतली. विंडोजचे अपडेट आले तर ते कधी होऊ द्यायचे, यावर जेवणाच्या वेळी चर्चा होते. पुतण्या एखादा खेळ उतरवून घेऊ लागला की माझी पानांची पीडीएफ माझ्याच संगणकावरून हलत नाही आणि मला मोबाइलचा डेटा वापरून ती पाठवावी लागते.

एप्रिलमध्ये वाळ्याच्या ताट्या लागलेला कूलर आपल्या हक्काच्या खिडकीत परतला, आणि त्याच खिडकीतून केबल गेलेली होती. नागपुरात पारा ४५ अंशांकडे निघाला असताना कूलर हलवण्याचा विषय कोणी काढत नाही. केबलच त्याच्या पायाखालून वळवली, आणि तिच्यावर पाणी ठिबकू नये याची काळजी घेण्याचे कामही 'काहीच करायचं नाही' या सदरात माझ्याकडे आले.

शेवटी मी दुपारी दोन तास संगणक बंद राहील असे जाहीर केले. संध्याकाळी त्यावर अण्णांची छापील सूचना चिकटवलेली होती: 'माजघरातील संगणक कुटूंबियांच्या पुर्व परवानगीशिवाय बंद करू नये.' मी लाल शाईने 'कुटुंबीयांच्या' आणि 'पूर्वपरवानगीशिवाय' अशी दुरुस्ती केली. अण्णांनी ती तत्परतेने मान्य केली आणि शुद्ध प्रत छापायला पुतण्याला मागच्या खोलीत पाठवले, त्यामुळे त्या दिवशीही संगणक चालूच ठेवावा लागला.